दोन अमृता

ऐरोलीत राहणाऱ्या माणसाने वनस्पतींविषयी लिहावे, याचे कित्येकांना हसू येईल. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठाने तिवरांची रांग; पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यालगत एमआयडीसी; मध्ये सेक्टरांच्या चौकटीत बसविलेली आमची घरे. परंतु या चौकटीतही कुंपणाच्या भिंती आहेत, भिंतींच्या कडेला झाडेझुडपे आहेत, आणि 2020 सालच्या टाळेबंदीत अशी वेळ आली की प्रत्येक कुंपणाला औषधालयाचा मान मिळाला. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर एक वेल चढलेली होती. तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. एका सकाळी शेजारच्या वहिनी तिचा वीतभर तुकडा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुमचा जन्म औषधांच्या कारखान्यात गेला. ही गुळवेलच ना?"

मी चष्मा न लावताच "हो" म्हणालो.

हा लेख म्हणजे त्या 'हो'चे प्रायश्चित्त आहे, असे वाचकांनी समजावे.

वहिनींनी तीन महिने रोज सकाळी त्या वेलीचा काढा घेतला. मार्गशीर्षात त्यांचे डोळे पिवळे झाले. रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या; काविळीच्या नेहमीच्या विषाणूंपैकी एकही सापडला नाही. डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला. दोन महिन्यांनी त्या बऱ्या झाल्या. मधल्या काळात डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला होता : ती वेल कोणती होती? घरात तुकडा उरला नव्हता. भिंत रंगवायची म्हणून सोसायटीने वेल मुळासकट काढून टाकली होती आणि कचऱ्याची गाडी ती केव्हाच घेऊन गेली होती. काढ्यानेच कावीळ झाली की आणखी कशाने, हे आज कोणीही सांगू शकत नाही. माझा सारा संताप नेमका येथेच आहे. ज्या गोष्टीचा उलगडा दोन दिवसांत होऊ शकला असता, तिचा उलगडा आता कधीच होणार नाही. कारण तुकडा जपून ठेवावा, त्यात काय आहे ते पाहावे, असे कोणाच्या मनात आले नाही. ज्याच्या मनात यायला हवे होते तो तर चष्माही न लावता दारात उभा होता.

वहिनींची गोष्ट एकटीची नाही. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना असे 6 रुग्ण दिसले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. 2021 साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने जुलै महिन्यात खुलासा काढला. त्याचा आशय असा की, हा निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण लेखकांनी करायला हवे होते. ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री करणे हे त्यांचे कर्तव्य होते. पुढे 2022 साली देशातल्या 13 केंद्रांचा मिळून 43 रुग्णांचा अभ्यास बाहेर आला. त्यात हाती लागलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केलेली होती. त्याच वर्षी मंत्रालयाने पुन्हा सांगितले की खरी गुळवेल निर्धोक आहे, मात्र तिच्याशी साम्य असलेल्या 'टिनोस्पोरा क्रिस्पा'सारख्या वेलीपासून सावध राहावे.

या वादात मी कोणत्या पक्षाचा, असे मला पुष्कळांनी विचारले. मंत्रालयाचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, असे मी म्हणतो तेव्हा आयुर्वेदाचे अभिमानी खूष होतात. त्यांनी एवढ्यात खूष होऊ नये. वनस्पतीची ओळख पटविणे हे कर्तव्यच असेल, तर ते रोगी दारात आल्यावर डॉक्टरापासून सुरू होते की औषध घ्या असे सांगणाऱ्यापासून? 2020च्या ऑक्टोबरमध्ये कोविडसाठी जी आयुर्वेद आणि योगाची उपचारपद्धती सरकारने प्रसिद्ध केली, तिच्यात गुडूची घनवटी होती. लोकांनी ते ऐकले, आणि ज्यांना वटी मिळाली नाही किंवा परवडली नाही ते भिंतीवरच्या वेलीकडे वळले. त्या वेळी गावोगावच्या लोकांना खरी गुळवेल कशी ओळखावी आणि सारखी दिसणारी कशी टाळावी, हे कोणी घसा ताणून सांगितले होते काय? कावीळ झाल्यावर "ती गुळवेल नसेल" असे म्हणायचे आणि होण्यापूर्वी "गुळवेल घ्या" एवढेच म्हणायचे, ही सोयीची ओळख झाली.

आता ओळख म्हणजे काय, ते पाहू. तिच्या तीन पायऱ्या आहेत : नाव, रूप आणि अंतरंग.

नावाची पायरी सर्वांत निसरडी. आमच्या सोसायटीच्या दारात सरळसोट उंच वाढलेली झाडे रांगेने उभी आहेत. सगळे त्यांना अशोक म्हणतात. तो आयुर्वेदातला अशोक नव्हे. स्त्रियांच्या विकारांवर ज्याची साल देतात तो सीतेचा अशोक वेगळा. त्याला नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके येतात आणि तो चिंचेच्या कुळाच्या जवळचा. आमच्या दारातला आसुपालव सीताफळाच्या कुळातला. दोघांचा काडीचा संबंध नाही. तरीही खऱ्या अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते किंवा तिच्या जागी सरसकट खपविली जाते, हे औषधी वनस्पतींच्या बाजारातले जुने आणि उघड गुपित आहे. विकणारा शपथेवर सांगतो की ही अशोकाची साल आहे, आणि शपथ खोटीही नसते!

रूपाची पायरी त्याहून बरी. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे. खोडावर कागदासारखा पापुद्रा, तो नखाने काढला की खाली हिरवे. आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. क्रिस्पाचे खोड गाठीगाठींचे, चामखिळी उठल्यासारखे. उभी वेल समोर असेल तर जाणकाराला एवढे पुरे. परंतु बाजारात उभी वेल येते कोठे? येतात ते वाळलेले तुकडे, आणि कारखान्यातून घरी येते ती पूड किंवा वटी. पुडीला पान नसते. तेथे रूप संपते आणि अंतरंग पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अंतरंग पाहण्यात काही जादू नाही. खोड वाळवून कुटायचे, मद्यार्कात भिजवायचे, गाळून घ्यायचे. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीच्या तळाशी त्या अर्काचा एक थेंब टेकवायचा आणि पट्टीचे टोक योग्य द्रावणात उभे करायचे. द्रावण वर चढू लागते आणि अर्कातला प्रत्येक घटक आपापल्या स्वभावाप्रमाणे कोणी लवकर, कोणी उशिरा थांबतो. मग अतिनील दिव्याखाली पट्टी धरली की एकाखाली एक ठिपके दिसतात. शेजारी खऱ्या गुळवेलीच्या अर्काची रांग ठेवली की दोन रांगा जुळतात की नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. यापुढे जायचे तर यंत्रे आहेत. ती प्रत्येक घटक वेगळा करतात, त्याचे वस्तुमान मोजतात आणि त्याचे नाव सांगतात. गुळवेलीत मॅग्नोफ्लोरीन, पामाटीन, जट्रोऱ्हायझीन ही अल्कलॉइडे मिळतात, कॉर्डिफोलिओसाइड मिळते, कडूपणा देणारी डायटर्पीन वर्गातली द्रव्ये मिळतात. क्रिस्पात बोरापेटोसाइड नावाची कडू द्रव्ये ठळक दिसतात. आमच्या वहिनींच्या काढ्याचा तळ जरी कोणी बाटलीत ठेवला असता, तरी त्यातल्या बऱ्याच गोष्टी बोलल्या असत्या.

नावावर विसंबणाऱ्यांसाठी मला दोन अमृतांची गोष्ट सांगितली पाहिजे. गुळवेलीचे संस्कृत नाव अमृता. आमच्याच सह्याद्रीत आणखी एक अमृता आहे. ती वेल नव्हे, लहानसा वृक्ष आहे. त्याच्या घाण वासामुळे लोक त्याला नरक्या म्हणतात, घाणेराही म्हणतात, आणि काही ठिकाणी चक्क अमृता! 1966 साली अमेरिकेत वॉल आणि वानी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. कर्करोगाच्या पेशींना ते मारक ठरले. 1972 साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले की हेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे, आणि चांगले भरपूर आहे. या द्रव्याचा पहिला अवतार रोग्यांना सोसला नाही. 1970च्या दशकातल्या चाचण्या त्याच्या विषारीपणामुळे थांबवाव्या लागल्या. मग त्याच्या रचनेत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली आणि 1996 साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. आज ती जगभर वापरात आहेत.

एक अमृता आजी नातवाच्या तापावर उकळते. दुसऱ्या अमृतेतले द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते आणि ते कर्करोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिरेतून मोजून द्यावे लागते. नाव एकच. नावावर ज्याचा भरवसा असेल त्याने यातली कोणती उकळावी?

येथे मला नेहमी अडवले जाते. पहिला आक्षेप अभिमान्यांचा : आमचे शास्त्र हजारो वर्षांचे, त्याला तुमच्या पट्टीची गरज काय? या मंडळींनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पहिलाच अध्याय उघडून पाहावा. गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात, असे चरक आदराने सांगतो. पण तेवढ्यावर वनस्पतीचे पूर्ण ज्ञान होत नाही, असेही लगेच बजावतो. पुढे तो म्हणतो की न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे. आणि ओळखलेले अमृतासारखे. ज्याने हे लिहिले त्याच्या हाती अतिनील दिवा असता तर त्याने तो विझवून ठेवला असता, असे ज्यांना वाटते त्यांनी चरकाचे नाव घेऊ नये. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची, असे आपले जुने वैद्य मानत आले. म्हणजे वेल तीच असली तरी आधार, ऋतू, वय बदलले की अंतरंग बदलते, असा त्यांचा अदमास होता. तो अदमास खरा की खोटा, हे तपासण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ते वापरणे हा त्यांचा अपमान कसा होतो, हे मला समजत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा. झाडपाला हा सगळा भोंदूपणा. त्यात काय आहे ते शोधण्यात वेळ कशाला घालवा? यांना मी सर्पगंधेची आठवण देतो. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयी लिहिले. 1949 साली आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचे आपले अनुभव ब्रिटनमधल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रिसर्पिन वेगळे झाले. ते वेगळे झाले म्हणूनच मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजता आली, आणि मोठ्या मात्रेने मनाला उदासी येते हा दोषही ध्यानात आला. गुण आणि दोष दोन्ही एकाच दिव्याखाली दिसले. ज्यांनी ती मुळी हसण्यावारी नेली त्यांनी यातले काहीच पाहिले नसते.

तिसरा आक्षेप मात्र आदराने ऐकण्यासारखा आहे. वनस्पती म्हणजे एक रेणू नव्हे. अनेक द्रव्यांच्या मेळातून तिचा गुण येतो, तो तुमच्या ठिपक्यांत कसा सापडेल? खरे आहे. ठिपके दिसले म्हणजे औषध गुणकारी ठरले असे होत नाही. त्यासाठी रोग्यांवरचे नीट आखलेले प्रयोगच हवेत. तसेच खऱ्या गुळवेलीनेही एखाद्याच्या यकृताला इजा होणारच नाही, हे ठिपक्यांवरून ठरत नाही. परंतु मेळ कोणाकोणाचा आहे, हे तरी आधी ठाऊक असायला नको काय? भजनात किती आवाज आहेत हे ज्याने मोजले नाही, त्याने त्यात परका आवाज शिरला नाही अशी ग्वाही देऊ नये.

आणि आता माझ्या स्वतःच्या पदरचे सांगतो. नाहीतर दुसऱ्यांना शहाणपण शिकविण्याचा मला अधिकार उरत नाही. ज्या कारखान्यात मी पृथक्करणाचे काम केले तेथे गुळवेलीच्या वाळल्या तुकड्यांची पोती येत. आमची पद्धत सोपी होती : पट्टी काढायची, ठरावीक उंचीवर एक चमकणारा ठिपका दिसला की दाखल्यावर सही करायची. एकदा एका गाडीच्या मालात तो ठिपका होता, पण त्याच्या वर-खाली दोन अनोळखी ठिपके होते. मी वरिष्ठांना दाखवले. ते म्हणाले, "आपला ठिपका आहे ना? मग झाले." मी सही केली. त्या मालाने कोणाचे नुकसान झाले असे मला कधी कळले नाही. कळावे अशी काही व्यवस्थाच नव्हती. एका ठिपक्यावर सही करणे म्हणजे माणसाच्या टोपीवरून त्याला ओळखणे. टोपी कोणालाही घालता येते. जो घटक तपासला जाणार आहे तोच बाहेरून मिसळून पूड पास करता येते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो कारखाना आता तेथे नाही. त्या जागी काचेची उंच इमारत आहे आणि तिच्यात हजारो तरुण संगणकांपुढे बसतात. पण ती सही माझी आहे, आणि चष्मा न लावता म्हटलेले 'हो' हे त्याच सहीचे दुसरे रूप होते.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. 1940च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळे प्रकरण 1964 सालीच घातले गेले. भारताचा आयुर्वेदिक औषधिकोश छापलेला आहे आणि गुळवेलीची परीक्षा कशी करावी हे त्यात दिलेले आहे. इतकी परीक्षा परवडत नाही, असेही म्हणू नये. पट्टीवरचे काम स्वस्त आहे. ज्या पुडीच्या जाहिरातीसाठी नटनट्या परवडतात, त्या पुडीला एक पट्टी न परवडावी, हे मी मान्य करणार नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. प्रत्येक पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचे वापरलेले अंग, ती कोठून आणि कोणत्या महिन्यात गोळा केली, हे मराठीत छापलेले असावे. एका ठिपक्यावर दाखला देणे बंद व्हावे. संपूर्ण रांग जुळली पाहिजे, आणि ती रांग मागणाऱ्या कोणालाही पाहता आली पाहिजे. प्रत्येक मालाचा नमुना कारखान्याने जपून ठेवावा. डॉक्टरांनी रोग्याला "काढा बंद करा" एवढेच न सांगता "उरलेला घेऊन या" असे सांगावे, आणि तो तपासण्याची सोय सरकारी रुग्णालयांत असावी. म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टर आणि मंत्रालय एकमेकांवर खुलासे फेकणार नाहीत. दोघांच्याही हाती पट्टी असेल.

आणखी एक मागणे आहे, आणि ते आम्हा रसायनवाल्यांकडेच. नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे हे कळले, आणि त्याच ज्ञानाने नरक्याचा घात केला. औषध परदेशी बनणार, लाकूड आमचे जाणार. दक्षिण कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या रानांतून झाडे बुंध्यापासून तोडली गेली, ढलप्या होऊन पोत्यांत भरली गेली. ज्या दिवशी एखाद्या वनस्पतीतले द्रव्य आपण जगापुढे मांडतो, त्या दिवशी तिच्या लागवडीची आणि राखणीची जबाबदारीही उचलली पाहिजे. नाहीतर रांगेतल्या ठिपक्यांची नावे आपल्याला पाठ असतील आणि रानात झाड नसेल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या भिंतीवर पुन्हा एक वेल चढली. वहिनींनी ती पाहिली, पण यावेळी तोडली नाही. मला बोलावून त्या म्हणाल्या, "भावोजी, आता नीट बघून सांगा." मी चष्मा लावून खोड पाहिले, पापुद्रा काढला, छेद घेतला. गुळवेलच दिसली. तरी मी "हो" म्हणालो नाही. एक तुकडा वाळवून, तारीख लिहून बरणीत ठेवला आहे, आणि दुसरा तपासायला दिला आहे. उत्तर येईपर्यंत काढा उकळायचा नाही, असे आमचे ठरले आहे. एवढा धीर जर ऐरोलीतल्या एका सोसायटीला धरता येतो, तर तो पोत्यांनी माल विकणाऱ्यांना आणि देशाला औषध सुचविणाऱ्यांना का धरता येऊ नये, याचे उत्तर त्यांनी द्यावे.